प्राणिगृहात नव्यानं लागलाय? गिनिपिग असे सांभाळा

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडं फार्मसीची आणि मेडिकलची कॉलेजं वाढली, तशी प्राणिगृहात, म्हणजे प्रयोगाची जनावरं ठेवायच्या जागेत, कामाला लागणारी पोरंही वाढली. बहुतेक जण खेड्यातले. घरात म्हैस, शेळ्या, कोंबड्या बघत मोठे झालेले, त्यामुळं जनावराला हात लावायची भीती कुणाला नसते. खरं गिनिपिग घरच्या कुठल्याच जनावरासारखा वागत नाही. आजारी पडला तरी तो ओरडत नाही, आणि कितीही घाबरला तरी सहसा चावत नाही. तो गप्प बसतो, आणि तो गप्प बसलाय हे आपल्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मी बेळगावात एका फार्मसी कॉलेजच्या प्राणिगृहात नोकरी केली. रिटायर झाले तरी नवीन पोरं फोन करून विचारतात, "काकू, गिनिपिग खाईना झालाय, काय करू?" त्या सगळ्यांसाठी हे एकदा नीट लिहून ठेवते.

पेटी आली की

जनावर कुठनं आलंय ते आधी बघा. प्रयोगासाठीचे गिनिपिग नोंदणी असलेल्या पैदास केंद्रातनंच यायला हवेत. दुकानात स्वस्त मिळतात म्हणून कुणी चार आणून ठेवायला लागलं, तर घेऊ नका. त्यांचं वय माहीत नसतं, आईबाप माहीत नसतात, अंगात काय रोग आहे ते माहीत नसतं. तसल्या जनावरावर केलेल्या प्रयोगाचं उत्तर कुणाच्याच कामाचं नाही, आणि जनावर मात्र फुकट गेलं.

आल्या आल्या वजन करून कार्डावर लिहायचं आणि मग त्यांना सोडून द्यायचं. पाणी, गवत आणि शांतता, एवढंच. लांबचा प्रवास करून आलेली असतात, ट्रकचा आवाज आणि हादरे अंगात असतात. निदान आठवडाभर जुन्या जनावरांपासनं वेगळ्या खोलीत ठेवा, आणि त्या खोलीचं काम दिवसात सगळ्यांत शेवटी करा, म्हणजे तुमच्या हातांनी आणि कपड्यांनी रोग इकडं येणार नाही. दारातनं आत बघितल्यावर जो तुरुतुरु पळून कोपऱ्यात लपतो, तो बरा. जो केस फुलवून, डोळे अर्धे मिटून एकटाच बसलाय, त्याच्याकडं आधी जा. डोळ्याला चिकटा, नाकाला ओल, शेपटीच्या जागेखाली घाण (शेपूट त्यांना नसतेच) दिसली तर लगेच डॉक्टरांना सांगा.

सशांच्या खोलीत गिनिपिग ठेवू नका. जागा वाचते म्हणून पुष्कळ ठिकाणी ठेवतात. सशाच्या नाकात बॉर्डेटेला नावाचा जिवाणू असतो. सशाला त्याचा त्रास जाणवत नाही, गिनिपिगला मात्र त्यानं न्यूमोनिया होऊन तो मरतो.

उचलायचं कसं

वरनं झडप घालून उचलू नका. त्याच्या रक्तात घार आणि कोल्ह्याची भीती आहे, वरनं येणारा हात त्याला तसाच वाटतो. आधी पिंजऱ्यासमोर जाऊन बोला. रोज तेच शब्द बोला. माझ्या जोडीला अथणीकडचे एक अण्णा होते. ते कन्नडात बोलायचे, मी मराठीत. आमच्या दोघांचेही आवाज त्या जनावरांना पाठ होते, तिसरा कुणी आत आला की सगळा पिंजरा एकदम गार पडायचा.

हात समोरनं, त्याच्या उंचीवर न्यायचा. एक तळवा छातीखाली, अंगठा एका पुढच्या पायाच्या मागनं, बाकीची बोटं दुसऱ्या बाजूला. दुसरा तळवा लगेच बुडाखाली. वजन सगळं खालच्या हातावर. पोट दाबायचं नाही, आत यकृताला इजा होते. मानेची कातडी धरून तर कधीच उचलायचं नाही. मग त्याला आपल्या ॲप्रनला टेकवून धरायचं. पहिल्यांदा त्याचं काळीज तुमच्या बोटांखाली इतकं भरभर उडतं की मोजता येत नाही. तसंच धरून राहा. थोड्या वेळानं मागचे पाय सैल पडतात, जबडा सैल पडतो, कधीकधी अंगातनं बारीक घरघर यायला लागते. तेव्हा तो तुमचा झाला. टेबलावर ठेवलात तर हात काढू नका. उंचावरनं पडला तर त्याचा कणा मोडतो.

हे सगळं कशाला, असं एका मुलानं मला विचारलं होतं. घाबरलेल्या जनावराचा श्वास, नाडी, रक्तातली साखर, सगळं बदललेलं असतं. प्रयोगाच्या दिवशी पहिल्यांदा हात लावला, तर औषधाचा परिणाम मोजताय की भीतीचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून प्रयोगाच्या आधी आठवडाभर रोज प्रत्येकाला हातात घ्यायचं. हे काम प्रोफेसर करत नाहीत, विद्यार्थी करत नाहीत. ते तुम्हीच करायचं असतं, आणि प्रबंधात जो आकडा छापला जातो तो खरा की खोटा हे बऱ्याच अंशी तिथंच ठरतं.

खाणं, आणि त्यातही व्हिटॅमिन सी

बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. उंदीर, ससा, कुत्रा, गाय ही जनावरं व्हिटॅमिन सी आपल्या अंगात बनवतात. गिनिपिगला ते जमत नाही, माणसालाही जमत नाही. ते बनवायला शेवटी जे एक एन्झाइम लागतं, ते दोघांच्याही अंगात नाही. म्हणून रोज बाहेरनं द्यावं लागतं: साधारण एक किलो वजनाला १० ते ३० मिलिग्रॅम, गाभण मादीला वरच्या टोकाचं.

ही गोष्ट कळली तीच गिनिपिगमुळं. १९०७ साली नॉर्वेतले आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक हे दोघं जहाजावरच्या खलाशांचा एक आजार शोधत होते. त्यांनी गिनिपिगांना नुसतं धान्य आणि पाव खायला घातला. त्यांची अपेक्षा वेगळ्या आजाराची होती, आणि झाला स्कर्व्ही: हिरड्यांतनं रक्त, सुजलेले सांधे, ठिसूळ हाडं. ताजा पाला दिला की जनावरं बरी व्हायची. त्यांनी उंदरावर हा प्रयोग केला असता तर काहीच दिसलं नसतं. पुढं सेंट-ग्यॉर्गी यांनी वेगळा काढलेला पदार्थ म्हणजेच व्हिटॅमिन सी, हे सिद्ध झालं तेही गिनिपिगांवरच. त्यांना १९३७ साली नोबेल मिळालं.

आता तुमच्या खोलीतलं बघा. गिनिपिगच्या गोळी खाद्यात कंपनी व्हिटॅमिन सी घालते, खरं ते टिकत नाही. पोतं बनल्यापासनं तीन महिन्यांत ते पुष्कळ उडून गेलेलं असतं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत त्याआधीच. पोत्यावरची तारीख बघून घ्या, आणि उंदराचं खाद्य गिनिपिगला कधी घालू नका. त्यात सी घातलेलंच नसतं. एका ठिकाणी मला बोलावलं होतं, "सगळ्यांना लकवा झालाय" म्हणून. गिनिपिग एका जागी बसून होते, गुडघ्याला हात लावला की कळवळायचे, केस रखरखीत, वजन उतरलेलं. लकवा नव्हता, स्कर्व्ही होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत ताजा भाजीपाला बंद करून जुन्या पोत्यावर दिवस काढले होते. दोन-तीन आठवडे सी मिळालं नाही की एवढं होतं.

आपल्या भागात यावर उपाय शोधायला लांब जायला नको. बेळगावची भाजी रोज गोव्याला जाते, आपल्याला तर दारातच मिळते. ढबू मिरची सगळ्यांत सोपी. एका मोठ्या गिनिपिगला रोज वीसेक ग्रॅमचा तुकडा, म्हणजे ढबूची एक लांबट फोड, बिया काढून. तेवढ्यात दिवसाचं काम होतं. कोथिंबीर, कोबीचा वरचा हिरवा पाला, गाजराचा पाला चालतो. पेरूत सी भरपूर, खरं साखरही असते, म्हणून चिमूटभर, आणि आठवड्यातनं एक-दोनदाच. आवळ्याची बारकी फोड काही जण आवडीनं खातात, काही जण तोंड फिरवतात. पाण्यात सीचं औषध घालायचं असेल तर रोज नवीन घाला, उजेडात आणि लोखंडाच्या संगतीत ते दिवसभरही धड टिकत नाही. मी पाण्यापेक्षा भाजीवर भरवसा ठेवत आले.

भाजी दोन-तीन पाण्यांत खळखळून धुवा. शेतात काय फवारलंय ते तुम्हाला माहीत नसतं, आणि औषधाच्या प्रयोगात एक अनोळखी विष शिरलं तर सगळं नासतं. बटाटा, कांदा, लसूण, भात, भाकरी, दूध काही घालायचं नाही. पालक रोज नको. लसूणघास लहान पिलांना आणि गाभण मादीला चांगला, मोठ्या नराला रोज घातला तर त्यातल्या कॅल्शियमनं मूत्राशयात खडा होतो.

आणि सुकं गवत कायम समोर पाहिजे. गिनिपिगचे दात जन्मभर वाढत राहतात, सगळेच्या सगळे, दाढासुद्धा. गवत चावून चावून ते झिजतात. नुसत्या गोळ्यांवर ठेवला तर दाढा वाढून जिभेवर कमान धरतात, आणि समोर खाणं असून जनावर उपाशी मरतं. भाताची पिंजर आपल्याकडं मुबलक असते, ती अंथरायला ठीक. खायला मात्र मऊ, हिरवट वाळलेलं गवतच हवं. बुरशीचा वास आला तर ती पेंढी बाहेर काढा.

पाण्याच्या बाटलीच्या नळीला रोज बोट लावून बघा. गिनिपिगला सवय असते, तोंडातलं चावलेलं खाणं तो नळीत फुंकतो. नळीच्या तोंडातली छऱ्यासारखी गोळी अडकते, बाटली भरलेली दिसते आणि जनावर तहानलेलं राहतं. बोटाला थेंब लागला तरच बाटली चालू आहे असं समजा.

काही वेळा तो आपलीच लेंडी बुडापाशी तोंड नेऊन खाताना दिसेल. हाकलू नका. ती मऊ लेंडी वेगळी असते, तिच्यातनं त्याला बी गटातली व्हिटॅमिनं मिळतात.

जागा, ऊन, पाऊस

गिनिपिगला १८ ते २६ अंश सोसतं. तिशीच्या वर धोका सुरू होतो. त्याला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापून अंग गार करायलाही तो धड शिकलेला नाही. बेळगाव थंड म्हणून आपण निवांत असतो, पण एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छपराखालची खोली बाहेरच्यापेक्षा जास्त तापते; अथणी-गोकाककडं तर बोलायलाच नको. थर्मामीटर माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावून उपयोग नाही, पिंजऱ्याच्या उंचीवर लावा. करंट गेला तर काय करायचं हे आधी ठरवून ठेवा: खिडकीला ओलं गोणपाट, फ्रिजमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात. जनावर आडवं पसरलंय, तोंडातनं लाळ येतेय, पोट भरभर हलतंय असं दिसलं तर सावलीत आणून कान आणि पाय साध्या गार पाण्यानं ओले करा. बर्फाचं पाणी ओतू नका, झटका बसतो. आणि डॉक्टरांना फोन.

पावसाळ्यात त्रास उलटा. खानापूरकडं तर चार महिने कपडे वाळत नाहीत, तिथं पिंजऱ्यातली अंथरी काय वाळणार? ओल आणि मुतातला अमोनिया मिळून फुप्फुसं बिघडतात, कातडीला गजकर्ण येतं. गजकर्ण माणसालाही लागतं, हातमोजे घाला. खाली बसून पिंजऱ्याशी नाक न्या. तुमच्या डोळ्यांत चुरचुरलं तर अंथरी बदलायची वेळ होऊन गेली आहे. भाताचं तूस वापरत असाल तर चाळून धूळ काढा आणि वाफेवर निर्जंतुक करून घ्या. तळ जाळीचा नको, सपाट आणि भरीव पाहिजे. जाळीत त्यांचे बारके पाय अडकून मोडतात, तळव्याला जखमा होतात. उंच पिंजरा लागत नाही, ते चढत नाहीत. पसरट लागतो. आत लपायला काहीतरी द्या, उलटा ठेवलेला प्लॅस्टिकचा डबा दोन्ही बाजूंनी कापून दिला तरी पुरतं. दोन बाजूंनी यासाठी, की एका दारात दांडगा नर बसला तर आतल्याला पळायला वाट राहते.

पिलं

मादी पहिल्यांदा व्यायची असेल तर सहा महिन्यांच्या आत गाभण राहायला हवी. त्यानंतर तिच्या कमरेपुढची दोन हाडं सांधून घट्ट होतात, ती उघडत नाहीत, आणि पिलू अडकून दोघंही जातात. उशीर झालेली मादी पैदाशीला लावायचीच नाही. दिवस ५९ ते ७२ भरतात. उंदराचं तीन आठवड्यांत उरकतं, हिचं दोन महिन्यांच्या वर, म्हणून पिलं पोटातच पुरी होऊन येतात: अंगावर केस, डोळे उघडे, तोंडात दात. तासाभरात चालायला लागतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आईच्या बरोबरीनं गवत कुरतडतात. पहिल्यांदा बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

व्यायच्या आधी नर बाजूला काढा. व्याल्यावर काही तासांतच मादी पुन्हा माजावर येते, नर तिथंच असला तर बिचारीला विश्रांतीच मिळत नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत तिची जागा बदलू नका, खाद्य बदलू नका. अशा वेळी लठ्ठ मादीनं एक दिवस खाणं सोडलं तरी रक्तात विष साठून ती जाऊ शकते. पिलांतले नर तीन आठवड्यांचे झाले की वेगळे करायचे, नाहीतर आई-बहिणीच गाभण राहतात. पैदाशीच्या पिंजऱ्यात मोठा आवाज झाला की सगळे गोल गोल धावत सुटतात आणि पिलं पायाखाली चेंगरतात. बादली आदळू नका.

आजार आणि औषध

शुक्रवार ठरवा किंवा सोमवार, आठवड्यातनं एकदा प्रत्येकाचं वजन. वजन दहा टक्क्यांनी उतरलं म्हणजे आत काहीतरी झालंय, बाहेरनं दिसो वा न दिसो. आणि जो सकाळपासनं खाईना, लेंड्या बारीक झाल्यात किंवा थांबल्यात, त्याच्यासाठी उद्याची वाट बघायची नाही. त्याचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. डॉक्टर येईपर्यंत गोळी खाद्य कोमट पाण्यात कालवून, सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या कडेनं थोडं थोडं भरवा, घशात पिचकारी मारू नका.

आपल्या मनानं अँटिबायोटिक कधीही देऊ नका. पेनिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, तोंडावाटे एरिथ्रोमायसिन ही गिनिपिगला विषच ठरतात. ती आतड्यातले कामाचे जिवाणू मारतात, मागं राहिलेला क्लॉस्ट्रिडियम नावाचा वाईट जिवाणू माजतो आणि काही दिवसांत जनावर हगवणीनं मरतं. १९४० साली ऑक्सफर्डला पेनिसिलिनची पहिली मोठी परीक्षा झाली ती पांढऱ्या उंदरांवर. गिनिपिगांवर झाली असती तर कदाचित ते औषध तिथंच कपाटात गेलं असतं. कुठल्या प्रश्नाला कुठलं जनावर, यावर किती अवलंबून असतं बघा.

यांच्यावर प्रयोग का करतात

पोरांना हे सांगावं लागतं, नाहीतर नुसती शेण-पाण्याची नोकरी वाटते. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगासमोर मांडला, त्यामागं गिनिपिग होते. क्षय त्यांना फार चटकन होतो, म्हणून आजही क्षयाच्या नव्या लशी त्यांच्यावर तपासतात. घटसर्पाचं विष आणि त्यावरचा उतारा यांचं बरंचसं काम त्यांच्यावरच झालं. हाफकिन यांनी कॉलऱ्याचा जंतू लशीसाठी तयार केला, तो एका गिनिपिगच्या पोटातनं दुसऱ्याच्या पोटात नेत नेत. ती लस १८९२ साली त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती प्लेगची हकीकत. प्लेगात गाव ओस टाकून शेतात खोपटी घालून राहिल्याच्या आठवणी आपल्याकडं घराघरांत आहेत. रोग हवेतनं येतो की मातीतनं, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. १९०५ पासनं मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेगच्या संशोधकांनी गिनिपिग घेतले आणि प्लेग झालेल्या घरांत ठेवले. उंदरावरच्या पिसवा त्यांच्या अंगावर यायच्या. मग पिंजरे टांगले, एक जमिनीपासनं दोन इंचांवर, एक दोन फुटांवर. दोन इंचांवरच्याला प्लेग झाला, दोन फुटांवरचा वाचला. दोघंही एकाच घरातली हवा घेत होते. फरक एवढाच, की पिसू दोन फूट उडू शकत नाही. काही पिंजऱ्यांभोवती चिकट कागद पसरले, पिसवा त्याला चिकटल्या, आतलं जनावर वाचलं. उंदीर, पिसू, माणूस ही वाट पक्की झाली.

टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आज लोक सकाळी फिरायला येतात. तिथं एकेकाळी देवीची लस बनायची. वासरांच्या कातडीवर ती वाढवायचे. देवी गेली ती अशा जनावरांच्या जिवावर, हे बेळगावच्या पोरांना माहीत असावं असं मला मनापासनं वाटतं.

प्रयोगाआधी कागद बघा

कार्डावर नैतिकता समितीचा मंजुरी क्रमांक नसेल तर जनावर पिंजऱ्यातनं काढून द्यायचं नाही, समोर कितीही मोठे सर असू देत. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आणि १९९८च्या नियमांखाली हे बंधन आहे. प्रत्येक संस्थेची समिती असते, तिच्यात बाहेरची माणसंही असतात, आणि किती जनावरं, कशासाठी, दुखणं कमी करायला काय, शेवट कसा करणार, हे आधी लिहून मंजूर करून घ्यावं लागतं. दहा मंजूर असतील तर अकरावं नाही. ज्याला वेदना होताहेत असं तुम्हाला दिसतंय, त्याचं नाव लिहून लगेच कळवा. तुम्ही सकाळ-संध्याकाळ बघता, प्रोफेसर आठवड्यातनं एकदा. जनावराचा शेवट करायचा झाला तर तो ठरलेल्या पद्धतीनं, शिकलेल्या माणसाच्या हातनं, आणि दुसऱ्या जनावरांच्या समोर कधीच नाही.

आमच्या काळी गिनिपिगच्या आतड्याचा तुकडा टायरोडच्या, म्हणजे क्षार घातलेल्या, कोमट पाण्यात टांगून, वर आतडं आकसवणाऱ्या हिस्टामीनचे थेंब सोडून, ते किती आकसतं त्याची रेघ काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर काढायला प्रत्येक बॅचला शिकवायचे. दर वर्षी त्याच रेघेसाठी नवी जनावरं. आता ते संगणकावर दाखवतात, आणि ते बरं झालं. सौंदर्यप्रसाधनांची परीक्षा जनावरांवर करायला २०१४ पासनं आपल्या देशात बंदी आहे, तीही योग्यच. जिथं दुसरी वाट आहे तिथं जनावर घेऊ नये. जिथं नाही, तिथं जितकी लागतात तितकीच घ्यावी आणि ती जिवापाड सांभाळावी.

घरी पाळणाऱ्यांसाठी थोडंसं

हेच सगळं लागू, प्रयोग सोडून. एकटा आणू नका, तो झुरतो. दोन माद्या बऱ्या. दोघींना साताठ चौरस फूट जागा द्या. पोपटाच्या पिंजऱ्यात ठेवू नका. लहान मुलांना जमिनीवर बसवून मगच मांडीवर द्या.

सणाचे दिवस

बेळगावात शिवजयंतीची मिरवणूक, गणपती, दिवाळी म्हणजे आवाज. गिनिपिगचे कान फार तिखट; हलकी टाळी वाजवली तरी कानाची पाळी झटकन हलते, त्यावरनंच त्याला ऐकू येतं की नाही ते तपासतात. रस्त्याकडंच्या खोलीतले पिंजरे आदल्या दिवशीच आतल्या बाजूला हलवा, लपायला जास्तीचे डबे द्या, गवत दुप्पट टाका, आणि त्या आठवड्यात कुठलाही प्रयोग ठेवू नका असं सरांना आधीच लिहून द्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी कोण येणार आणि संध्याकाळी कोण, किल्ली कुणाकडं, ढबू आणि गाजराचा पाला कोण आणणार, हे नावानिशी लिहून दाराला लावा. त्याखाली जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर, मोठ्या अक्षरात, मराठीत आणि कन्नडातही.